‘तिलावा’ कादंबरी : कामाच्या नोंदी

3 जून 2025
ठरलं. कादंबरी ‘तिलावा’ या बुडालेल्या बोटीवरच लिहायची.

युद्धकाळात बुडालेली आगबोट आणि तिच्याभोवती एक ख्रिस्ती प्रेमकथा, एवढंच गेलं वर्षभर डोक्यात होतं. आगबोट म्हटलं की आधी ‘लुसिटानिया’ आठवते: 7 मे 1915, आयर्लंडचा किनारा, 18 मिनिटांत सगळं संपलं. तिच्यावर इंग्रजीत भरपूर लिहून झालंय. आपल्या मुंबईच्या बॅलार्ड पियर धक्क्यावरून सुटलेल्या या बोटीचं नाव मात्र मी ज्यांना ज्यांना विचारलं त्यांनी पहिल्यांदाच ऐकलं. त्यात माझ्या चर्चमधली वाचणारी, इतिहासात रस असलेली माणसंही होती. हे मला लागलं.

पक्की माहिती वहीच्या पहिल्या पानावर उतरवली. ‘ब्रिटिश इंडिया’ कंपनीची बोट, 1924 सालची, सुमारे 10,000 टनांची. 20 नोव्हेंबर 1942 ला मुंबईहून मोम्बासा आणि दरबानच्या वाटेला लागली. प्रवासी आणि कर्मचारी धरून 958 माणसं. 23 तारखेच्या पहाटे, सेशेल्स बेटांच्या ईशान्येला सुमारे 930 मैलांवर, ‘आय-29’ या जपानी पाणबुडीने दोन टॉर्पेडो मारून ती बुडवली. 280 माणसं गेली. वाचलेल्या 678 जणांपैकी जवळजवळ सगळ्यांना 25 तारखेला ‘बर्मिंगहॅम’ या ब्रिटिश क्रूझरने, म्हणजे युद्धनौकेने, उचललं आणि 27 ला मुंबईत आणलं. मोजक्यांना ‘कार्थेज’ या दुसऱ्या बोटीने.

आठवड्याभरात मुंबई ते मुंबई. कादंबरीचा सांगाडा इतिहासानेच आखून दिलाय.

9 जून
नायक कोण, यावर सकाळ गेली. प्रवासी बहुतेक गुजराती, पूर्व आफ्रिकेतल्या दुकानांकडे आणि घरच्या माणसांकडे निघालेले. त्यांची गोष्ट त्यांच्या घरातल्याच कुणीतरी सांगावी, ती माझ्या हातून उसनी वाटेल. मला जवळची आहेत ती बोटीवर राबणारी माणसं. मुंबईच्या बोटींवर कामांची वाटणी ठरलेली असे. डेकवर रत्नागिरीकडचे, सुरत-दमणकडचे खलाशी आणि त्यांचा सारंग, म्हणजे मुकादम. इंजिनात बऱ्याचदा पंजाबी आणि पठाण. सलूनमध्ये, म्हणजे जेवणघर आणि केबिनींच्या कामाला, गोवेकर. नायक तिथलाच: इनास, गोव्यातल्या सासष्टीचा, दुसऱ्या वर्गाच्या सलूनमधला स्टुअर्ड. तारवटी, म्हणजे बोटीवर नोकरी करणाऱ्या, घराण्यातला, बापही बोटीवरच होता.

आणि इनास म्हटला की कूड, म्हणजे मुंबईतलं गोवेकरांचं गाववार वसतिगृह, आलीच. दिवसभर कुडींबद्दलच वाचत आणि लिहीत राहिले. धोबीतलावला जेर महाल आणि आसपासच्या इमारतींमध्ये एकेका गावाची एकेक कूड. बोटीवरून उतरलेला माणूस पुढची बोट मिळेपर्यंत तिथे राहणार. भाडं नाममात्र. प्रत्येकाची जागा म्हणजे भिंतीलगतची एक पेटी आणि रात्री चटई टाकण्याएवढी जमीन. एका टोकाला गावच्या संताची वेदी. संध्याकाळी तेर्सला, म्हणजे जपमाळेच्या प्रार्थनेला, सगळ्यांनी गुडघे टेकायचे, यात सवलत नाही. बोट मिळाली की माणूस निघून जातो, पेटी तिथेच राहते.

ख्रिस्ती कादंबरीत श्रद्धा पात्रांच्या भाषणांतून येते तेव्हा मी पान उलटते. इथे ती खोलीच्या व्यवस्थेतच आहे. दमलेली, कधी प्यालेलीही माणसं रांगेत गुडघ्यावर येतात, कारण कुडीचा तसा नियम आहे. त्या नियमात इनास वाढलाय. देवाबद्दल तो बोलत नाही, त्याला ते सुचतही नाही. पण तेर्स चुकली तर त्याला झोप लागत नाही. असा माणूस मला लिहिता येईल.

पहिलं प्रकरण बोटीवर नको, कुडीत सुरू व्हावं.

21 जून
नायिका करुणा. अहमदनगरची, अमेरिकन मराठी मिशनच्या शाळेतल्या मास्तरांची मुलगी. नर्सिंगचं शिक्षण मिरजेच्या मिशन हॉस्पिटलात (तिथली परिचारिकांची शाळा तेव्हा जुनी आणि नावाजलेली होती), नोकरी मुंबईत. घरी रोज रात्री मराठी बायबलचं वाचन. स्तोत्रं तोंडपाठ. तिच्या घराला वेदी, मूर्ती, मेणबत्त्या ठाऊक नाहीत. त्याच्या घरात बायबल उघडलं जात नाही, प्रार्थना कोकणीत आणि लॅटिनमध्ये. दोघंही येशूचंच नाव घेतात, आणि 1942 साली दोघांच्या मधली भिंत चांगली जाड आहे. परक्या धर्माचा प्रियकर आणण्यापेक्षा ही भिंत मला जास्त खरी वाटते. ती मी आमच्याच नात्यागोत्यात पाहिली आहे.

ओळख हॉस्पिटलात: पँट्रीतल्या उकळत्या पाण्याने भाजलेला हात, आणि पट्टी बदलायला गरजेपेक्षा जास्त वेळा येणारा एक स्टुअर्ड.

तिला बोटीवर चढवायचं की नाही? चढवली तर बुडत्या बोटीवर दोघं एकत्र, हात सुटतो, पुन्हा सापडतो. वाचकांना आवडेल. तरीही ती किनाऱ्यावरच राहील. युद्धात बोटी कधी सुटतात, कुठे आहेत, हे छापून येत नसे. बुडाल्याची बातमीसुद्धा दाबली जाई. म्हणजे 23 ते 27 नोव्हेंबर करुणा काय करते? तापमापक झटकते, चादरी मोजते, काळा कागद लावलेल्या खिडक्यांच्या वॉर्डात रात्रपाळी करते. तिला काहीच ठाऊक नाही. वाचकाला सगळं ठाऊक आहे. ही चार प्रकरणं अगदी साधी लिहायची. एकही अपशकुन नाही, हातातून निसटणारा पेला नाही, दचकून जाग येणं नाही.

2 जुलै
आज पंचांग आणि चर्चचं जुनं कॅलेंडर शेजारी ठेवून बसले, आणि बराच वेळ उठवेना.

22 नोव्हेंबर 1942 रविवार. त्या संध्याकाळी कार्तिकी पौर्णिमा. मुंबईत त्रिपुरीचे दिवे लावायचे तरी युद्धामुळे अंधाराचा हुकूम. समुद्रावर बोटीचेही दिवे झाकलेले, पण आकाशात पूर्ण चंद्र. पाणबुडीला बोट दिसावी म्हणून कुणी दिवा लावण्याची गरजच नव्हती. दिवाळी दोन आठवड्यांपूर्वी झालेली. डेकवरच्या कितीतरी जणांच्या सामानात घरचा फराळ असणार.

आणि कॅथलिक कॅलेंडरप्रमाणे तो उपासना वर्षाचा शेवटचा रविवार. त्या दिवशी जगभरच्या मिस्सेत, म्हणजे कॅथलिक उपासनेत, एकच शुभवर्तमान वाचलं जाई, मत्तयचा 24वा अध्याय. त्यात येशू सांगतो की संकट येईल तेव्हा जो धाब्यावर, म्हणजे घराच्या गच्चीवर, असेल त्याने घरातलं काही घ्यायला खाली उतरू नये, आणि जो शेतात असेल त्याने आपलं वस्त्र आणायला मागे फिरू नये.

आता बोटीची हकिगत. पहिला टॉर्पेडो लागल्यावर ती लगेच बुडाली नाही. होड्यांवर झुंबड उडाली, पण बोट तरंगत राहिलेली पाहून काहीजण परत फिरले, काही आपलं सामान घ्यायला. वाचलेल्यांच्या आठवणींत हे येतं. मग दुसरा टॉर्पेडो आला.

योगायोग इतका नेमका आहे की त्याची भीती वाटते. कादंबरीकाराने हा रचला असता तर कुणी विश्वास ठेवला नसता. वापरायचा तर अतिशय जपून. कारण तो वापरताना एक पाऊल चुकलं की अर्थ असा निघेल: बघा, त्यांनी वचन पाळलं नाही म्हणून ते मेले. ते वचन त्या लोकांनी कधी ऐकलंही नव्हतं. पेटीत मुलीचे दागिने होते, उधारीच्या वह्या होत्या, परक्या मुलखात उतरण्यासाठी लागणारे कागद होते. मीही परत फिरले असते.

निर्णय: इनासने त्या रविवारी हा पाठ ऐकलेलाच नाही. बोटीवर पाद्री नाही, मिस्सा नाही. मुंबईत करुणाची कॅथलिक मैत्रीण चर्चमधून येऊन सहज सांगते, आजचं वाचन फार कडक होतं. एवढंच. ज्याला जुळवायचं तो जुळवेल.

3 जुलै
नोव्हेंबर हा कॅथलिकांचा मृतांसाठी प्रार्थना करण्याचा महिनाही. कुडीत त्या महिन्यात तेर्सनंतर गावच्या मेलेल्यांची नावं घेतली जातात, असं प्रकरण 1 मध्ये पेरून ठेवलं. 27 नोव्हेंबरच्या रात्री ती यादी पुन्हा म्हणायची वेळ येणार आहे.

16 जुलै
बुडण्याची रात्र लिहून झाली. समुद्र उबदार आहे, विषुववृत्ताच्या जवळचा. म्हणून अटलांटिकच्या गोष्टींतलं गारठणं, निळे ओठ, बर्फ यातलं काही इथे चालणार नाही. इथला शत्रू दिवस उजाडल्यावर येतो: ऊन. तहान. खाऱ्या पाण्याने चिघळलेली कातडी. होडीत बिस्किटं आणि मोजून दिलेलं पाणी.

रेडिओच्या खोलीत शेवटपर्यंत संदेश पाठवत राहिलेला अधिकारी खरा आहे आणि तो परतला नाही. त्याला मी नाव देत नाही, आत शिरून त्याचे विचारही लिहीत नाही. इनास त्या खोलीवरून पळत जातो आणि उघड्या दारातून टकटक ऐकतो, तेवढ्यावर थांबले. खऱ्या मेलेल्या माणसाच्या डोक्यात आपले शब्द घालण्याचा अधिकार मला नाही.

होडीत तिघांचं बोलणं ऐकू येत राहतं: इनास, राजापूरकडचे खलाशी दाऊदभाई, आणि एक गुजराती म्हातारी जी सतत एकाच नातवाचं नाव घेते. दाऊदभाईंची भाषा सगळ्यात छान उतरली. कोकणी मुसलमानांची मराठी मी लहानपणी एस्टीत भरपूर ऐकली आहे.

30 जुलै
चांदीचं काय करायचं? बोटीच्या पोटात 2,364 चांदीच्या विटा होत्या. दक्षिण आफ्रिकेच्या सरकारने नाणी पाडायला घेतलेल्या. 2017 साली सुमारे अडीच किलोमीटर खोलीवरून त्या वर काढल्या, मग मालकीचा दावा ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला, आणि 2024 च्या मे महिन्यात निकाल दक्षिण आफ्रिकेच्या बाजूने लागला.

साहसकथेला लागणारा सगळा ऐवज आहे, आणि माझ्या कादंबरीत त्याला जागा नाही. इनासला तो माल ठाऊक असण्याचं कारण नाही. अडीच किलोमीटर खाली जाऊन विटा मोजता येतात. त्याच जागी 280 माणसं आहेत. हे मला कथेच्या बाहेर, मनोगतात लिहायचं आहे, आणि संतापाने लिहायचं आहे.

6 ऑगस्ट
हीच ‘आय-29’. पाच महिन्यांनी, एप्रिल 1943 मध्ये, मादागास्करजवळच्या समुद्रात जर्मन पाणबुडीवरून सुभाषबाबूंना हिनेच घेतलं आणि सुमात्राकडे नेलं. 1944 च्या जुलैमध्ये अमेरिकन पाणबुडीने तीही बुडवली.

करुणाचा धाकटा भाऊ चले जावमध्ये आहे. ऑगस्टपासून भूमिगत. त्याच्या तोंडी पुढे हे आणता येईल का, यावर दोन संध्याकाळी विचार केला. नाही. 1942-43 च्या माणसांना हे कळण्याची सोय नव्हती, आणि आजच्या वाचकाला मुद्दाम चिमटा काढण्यासाठी मेलेल्यांना वापरणं बरोबर नाही. मनोगतात एक वाक्य.

19 ऑगस्ट
आजची नोंद लांब होणार, कारण कादंबरी कशासाठी लिहिते आहे ते आज कळलं.

बायबलमधलं ‘प्रेषितांची कृत्ये’ हे पुस्तक, अध्याय 27. प्रेषित पौलाचं तारू वादळात सापडतं. चौदा दिवस माणसांनी धड अन्न घेतलेलं नाही. देवदूत पौलाला सांगतो की तारू जाईल पण माणूस एकही जाणार नाही. आणि हे पुस्तक लिहिणारा लूक आकडा देतो: तारवात आम्ही एकंदर 276 जण होतो. सगळे किनाऱ्याला लागतात, कोणी पोहत, कोणी फळ्यांवर.

तिथे 276 वाचले. इथे 280 गेले.

आमच्याकडे साक्ष देण्याची पद्धत आहे. अपघातातून, आजारातून उठलेला माणूस उभा राहून म्हणतो, परमेश्वराने मला वाचवलं. मी ती साक्ष आदराने ऐकते. पण शेजारच्या बाकावर ज्याचा मुलगा वाचला नाही तो बाप बसलेला असतो, आणि मला त्याच्याकडे बघवत नाही. ख्रिस्ती प्रेमकथेची नेहमीची वाट हीच: ती किनाऱ्यावर गुडघे टेकते, त्याच घटकेला क्षितिजावर धूर दिसतो, क्रूझर येते. माझ्या पहिल्या आराखड्यातही बुधवारी, 25 तारखेला, करुणाची प्रार्थना आणि ‘बर्मिंगहॅम’ एकाच पानावर होती. ते पान काढलं.

करुणा त्या दिवशीही रोजच्यासारखीच प्रार्थना करते, समुद्रावरच्या सगळ्यांसाठी, जसं तिच्या घरी शिकवलंय तसं. किती वाजता, ते लिहायचं नाही. इनास होडीत तेर्स सुरू करतो आणि तिसऱ्या रहस्याशी, म्हणजे तेर्सच्या तिसऱ्या टप्प्याशी, त्याचा गळा सुकतो. दाऊदभाईंची नमाज, म्हातारीचं रामनाम, नातवाचं नाव. ज्या होड्या उलटल्या त्यांतूनही हेच आवाज उठले होते. माझा देव यातल्या कुणाच्या हाकेला किती मार्क द्यायचे ते मोजत बसलेला नाही. ही माझी श्रद्धा आहे आणि कादंबरी या श्रद्धेवर उभी राहील, नाहीतर मी ती लिहिणार नाही.

म्हणून इनास परत आल्यावर ‘देवाने मला वाचवलं’ हे वाक्य म्हणत नाही. पाद्री त्याच्याकडून ते वदवू पाहतो. त्याला ते जमत नाही, आणि करुणाला त्याच्यावरचं आपलं प्रेम पहिल्यांदा तिथे स्पष्ट दिसतं.

4 सप्टेंबर
लग्नाचा कायदा. तेव्हा कॅथलिक चर्चची 1917 ची धर्मसंहिता लागू होती. कॅथलिक आणि प्रोटेस्टंट यांच्या लग्नाला खास सूट घ्यावी लागे. दोघांनी वचन द्यायचं, बहुधा लेखी, की सगळी मुलं कॅथलिक म्हणून बाप्तिस्मा घेतील आणि तशीच वाढतील. शिवाय प्रोटेस्टंट जोडीदाराने नवऱ्याच्या किंवा बायकोच्या श्रद्धेत आड न येण्याचं वचन वेगळं. एवढं करून विधी सहसा वेदीसमोर नाहीच. पाद्रीच्या घरात किंवा सॅक्रिस्टीत, म्हणजे वेदीलगतच्या तयारीच्या खोलीत.

आणि तारखा पाहा. 27 नोव्हेंबर शुक्रवारी बोट लागते. 29 ला आगमनकाळाचा, म्हणजे नाताळआधीच्या चार आठवड्यांचा, पहिला रविवार. त्या दिवसापासून नाताळ संपेपर्यंत लग्नाचा समारंभी आशीर्वाद बंद, आणि लग्नंही सहसा पुढे ढकलली जात. म्हणजे तो जिवंत परतला तरी वाट पाहणं आहेच, आणि ते नेमकं आगमनकाळात. चर्चने लावलेला हा विलंब मला कथेसाठी हवाच होता: त्या चार आठवड्यांत दोघांना पहिल्यांदा पुरेसं बोलता येतं.

नगरच्या मास्तरांचं पत्र लिहिलं. ते वचनाच्या कागदाला विरोध करतात, पण इनासला नाही. ‘माणूस चांगला आहे असं तू लिहितेस, ते मी मानतो. पण जो कागद माझ्या नातवंडांना माझ्या मंडळीच्या दाराबाहेर ठेवतो, त्यावर मी आनंदाने आमेन कसा म्हणू?’ त्यांची बाजू खरी आहे. त्यांना खलनायक केलं तर पुस्तक खोटं होईल.

20 सप्टेंबर
प्रकरण 14. प्रोटेस्टंटांनी काढलेलं बायबल वाचणं तेव्हा कॅथलिकांना मना होतं. म्हणून इनास पुस्तकाला हात लावत नाही. करुणा पौलाच्या तारवाची गोष्ट वाचते, तो ऐकतो. हॉस्पिटलच्या मागच्या पायऱ्यांवर, डिसेंबरात. कच्चा मसुदा इथे चिकटवते:

‘म्हणजे मेलं कोण नाय?’
‘कोणी नाही. सगळे किनाऱ्याला लागले.’
‘आमचे मेले गो.’
करुणाने बोट ओळीवर तसंच ठेवलं. तिच्याकडे उत्तर नव्हतं आणि तिने ते शोधलंही नाही. पान उलटून ती पुढचा अध्याय वाचू लागली. त्या बेटावरचे लोक पौलाच्या देवाला ओळखत नव्हते. पाऊस होता, थंडी होती, म्हणून त्यांनी शेकोटी पेटवली आणि सगळ्यांना जवळ घेतलं.
इनास बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, ‘दाऊदभाईन आपली लुंगी भिजवून माझ्या डोक्यार धरली. दिसभर. त्याचे हात कापत होते.’

हा तुकडा कागदावर आला तसाच राहू द्यायचा आहे. पौलाच्या गोष्टीत चमत्कार 27व्या अध्यायात आहे असं आपण मानतो. इनासला 28वा समजतो, आणि तो त्याला कुणी समजावून द्यावा लागत नाही.

11 ऑक्टोबर
कुडीतलं प्रकरण पुन्हा लिहिलं. इनास अनवाणी परततो, नली, म्हणजे खलाशाच्या नोकरीची नोंदवही, समुद्रात गेलेली, पण पेटी कुडीत शाबूत. शेजारी कायतानची पेटी, त्याच्याच सलूनमधल्या दोस्ताची. कुलूप लावलेली. कुडीचा नियम असा की पेटी घरचं माणूस येईपर्यंत उघडायची नाही. कायतानची आई गोव्याहून येईपर्यंत इनास रोज रात्री दोन्ही पेट्यांवरची धूळ पुसतो. इथे एकही विशेषण उरू दिलं नाही.

मस्जिद बंदराजवळच्या इंडियन सेलर्स होममध्ये दोन्ही महायुद्धांत गेलेल्या खलाशांची स्मृती जपलेली आहे. खरी नावं कादंबरीत येणार नाहीत, ती घरच्यांची आहेत. 80 वर्षांनी, 2022 मध्ये, ‘तिलावा’च्या कुटुंबांनी मुंबईत एकत्र येऊन स्मरण केलं. पुस्तक झालं की पहिल्या प्रती त्यांच्याकडे जाव्यात अशी फार इच्छा आहे, आणि त्याआधी होडीतली गुजराती वाक्यं भाषा जाणणाऱ्याकडून तपासून घ्यायला हवीत. म्हातारीच्या तोंडची भाषा काठियावाडची हवी, पुस्तकी नको.

लग्न जानेवारी 1943 मध्ये, पाद्रीच्या घरच्या बैठकीत. साक्षीदारांच्या मागे दाराशी दाऊदभाई उभे. मास्तर नगरहून येतात. वचनाच्या कागदाकडे ते बघत नाहीत, मुलीच्या डोक्यावर हात ठेवतात. ते आशीर्वाद मराठीत पुटपुटतात आणि पाद्री त्यांना थांबवत नाही. हे प्रकरण सोमवारपासून.